मला चढतच नाही म्हणणारा १७ वर्षांचा भाऊ, आणि उंदरांचे प्रयोग

पत्र:

ताई, मी बेळगावात बी फार्मच्या थर्ड इयरला आहे, गाव खानापूर तालुक्यात. धाकटा भाऊ १७ वर्षांचा, सेकंड पीयूसी म्हणजे बारावी सायन्स. गावच्या यात्रेत मामानं त्याला बियर दिली, आता मोठा झालास की म्हणून. तेव्हापासून दर शनिवारी मित्रांसोबत चालूच आहे, कुणीतरी गोव्याकडनं बाटल्या आणतंय, बियरवरनं आता व्हिस्कीवर गेलेत. मित्र आडवे होतात, ओकतात, हा मात्र सरळ चालत येतो, उलट त्यांनाच गाडीवरनं घरी सोडून येतो. म्हणायलाय माझी कपॅसिटी आहे, मला चढतच नाही. मी त्याला कमी वयाच्या उंदरांना दारू देऊन केलेल्या प्रयोगांबद्दल सांगितलं तर म्हणाला, मी काय उंदीर आहे काय? बाबांना माहीत आहे, ते म्हणतात या वयात होतं असं, पुढं आपोआप सुटेल. खरं सांगायचं तर भावाच्या प्रश्नाचं उत्तर मलापण देता आलं नाही. उंदरावरनं पोराच्या मेंदूचं खरंच किती कळतं? अजून एक. आई माळकरी आहे, भावाचं तिला अजून माहीत नाही, पण प्रयोगांचं बोलणं तिच्या कानावर पडलं तेव्हा ती म्हणाली मुक्या जिवाला दारू पाजून तुम्ही लोक काय मिळवता. तिलाही काय सांगावं कळेना.
एक बहीण, खानापूर तालुका

उत्तर:

अगं, तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू ओघात लिहून गेलीस, मित्र आडवे होतात आणि हा सरळ चालत येतो. घरात हे ऐकून सगळे थोडे निर्धास्त होतात, त्यातल्या त्यात आपलं पोरगं बरं म्हणून, आणि मला नेमकी तिथंच काळजी वाटली. तो ज्याला कपॅसिटी म्हणतोय त्यावर उंदरांमध्ये २५-३० वर्षं काम झालंय आणि त्यातनं जे निघालंय ते त्याच्या बाजूचं अजिबात नाही.

प्रयोग कसा करतात ते सांगते, तुला फार्माकॉलॉजी आहे म्हणजे तू त्याला नीट समजावशील. लॅबमधला पांढरा मोठा उंदीर घ्यायचा, रॅट, त्याला झोप येईल एवढं अल्कोहोल द्यायचं आणि पाठीवर उताणा ठेवायचा. शुद्धीतला उंदीर क्षणात पालथा होतो, दारू चढलेल्याला ते जमत नाही, तो तसाच पडून राहतो, मग किती वेळानं स्वतःहून पालथा होतोय ते घड्याळ लावून बघायचं आणि त्याच क्षणी त्याच्या रक्तात किती अल्कोहोल शिल्लक आहे तेही मोजायचं. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या लिंडा स्पिअर आणि ड्यूक विद्यापीठातले स्कॉट स्वार्ट्झवेल्डर, या दोघांच्या लॅबमध्ये १९९० च्या दशकात हे काम झालं, एकाच हिशोबाचा डोस वयात येणाऱ्या उंदरांना पण आणि पूर्ण वाढलेल्यांना पण. लहान उंदीर लवकर उठले. आता तुझा भाऊ म्हणेल बघ, कपॅसिटी. पण पुढचं आकडं बघ की, उठताना त्यांच्या रक्तातलं अल्कोहोल मोठ्या उंदरांपेक्षा जास्त होतं. म्हणजे दारू शरीरातनं लवकर निघून गेली म्हणून ते उठले असं नाही, दारू आत तेवढीच नव्हे तर जास्त होती आणि तरी त्यांना झोप येत नव्हती. पाय लटपटणं, सुस्ती, आता बस झालं असं वाटणं, हे सगळं या वयात कमी जाणवतं. स्पिअर आणि एलेना वार्लिन्स्काया यांनी अजून दोन गोष्टी बघितल्या, थोड्या डोसवर लहान उंदीर एकमेकांशी जास्त खेळायला, बिलगायला लागतात, मोठ्यांमध्ये तसं होत नाही, आणि दुसऱ्या दिवशीची जी बेचैनी असते, हँगओव्हरची, ती लहानांमध्ये कमी दिसते. मजा जास्त, त्रास कमी. शनिवारची बैठक बियरवरनं व्हिस्कीवर का गेली ते यातच आहे बघ, थांब म्हणणारं आतनं काहीच येत नाही तर पोरगं थांबणार कशावर?

आता याच्या जोडीला दुसरं ठेव. पाण्याच्या टाकीतली एक परीक्षा असते, रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये काढलेली, तुमच्या पुस्तकात मॉरिस वॉटर मेझ म्हणून असेल. गोल टाकी, पाणी गढूळ केलेलं, पाण्याखाली एक लपवलेला ओटा, उंदीर पोहत पोहत तो शोधतो आणि खोलीतल्या खुणा बघून रोज तो लवकर शोधून काढायला शिकतो. ड्यूकच्या गटानं १९९८ मध्ये वयात येणाऱ्या आणि मोठ्या उंदरांना अल्कोहोल देऊन हे शिकवायला घेतलं तर लहानांचं शिकणंच बिघडलं, मोठ्यांना तेवढ्याच डोसला फारसा फरक पडला नाही. प्रत्येक लॅबमध्ये, प्रत्येक प्रकारच्या परीक्षेत हा फरक असाच आला असं नाही, हे मी लपवणार नाही, पण त्याच वर्षी त्यांनी माणसांवर पण बघितलं. तिथं दारूचं कायदेशीर वय २१ म्हणून २१ ते २९ वयाचेच लोक घेता आले, त्यांना दारू दिली आणि शब्द, चित्रं लक्षात ठेवायला सांगितली. २१ ते २४ वाल्यांची आठवण २५ ते २९ वाल्यांपेक्षा जास्त ढासळली. एवढ्याशा वयाच्या फरकात, आणि तेही विशी ओलांडलेल्यांमध्ये! १७ वर्षांच्या पोराला लॅबमध्ये बसवून ग्लास देता येत नाही, म्हणून तिथं उंदरांकडेच जावं लागतं.

तर भावाला हे दोन्ही एकत्र सांग. चालणं सरळ आहे, बोलणं सरळ आहे, आणि त्याच वेळी हिप्पोकॅम्पस, जिथं नवीन गोष्ट मुरते, तिथं गडबड चालू आहे, आणि दिवसा केमिस्ट्रीचं जे काय वाचलं ते पण तिथंच मुरायचं असतं. चालण्यावरनं डोकं किती ठिकाणावर आहे ते मोजता येत नाही.

अजून एक माणसांवरचंच काम आहे, ते तू बाबांना सांगावंस असं मला फार वाटतं. सॅन डिएगोचे डॉक्टर मार्क शुकिट यांनी २० वर्षांच्या आसपासच्या तरुण मुलांना लॅबमध्ये ठराविक दारू दिली आणि कुणाला किती चढली ते टिपून ठेवलं, काही मुलांचे वडील दारूच्या आहारी गेलेले, काहींचे नाही. मग त्याच मुलांना साधारण १० वर्षांनी परत शोधून काढलं. ज्यांना तेव्हा कमी चढली होती त्यांच्यातच पुढं दारूचं व्यसन जास्त लागलेलं निघालं. १९९४ मध्ये ते छापून आलं. म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीनं "मला चढत नाही" हे धोक्याचं लक्षण आहे, गावात मात्र त्यालाच मर्दानगीचं सर्टिफिकेट समजतात आणि मामा लोक पाठ थोपटतात. तुमच्या घरात आजोबा, काका, मामा, कुणाला दारूनं खाल्लंय काय ते आईकडनं एकदा विचारून घे. असेल तर भावाच्या बाबतीत अजून सावध राहायला पाहिजे.

आता तो प्रश्न, मी काय उंदीर आहे काय. चांगला प्रश्न आहे, त्याला तसं सांग पण, चिडून उत्तर देऊ नको. माणसांचा अभ्यास करून का भागत नाही ते आधी बघू. अमेरिकेत १९९७ मध्ये मोठ्या सर्वेक्षणातनं आलं की १५ च्या आत दारू सुरू केलेल्यांना पुढं व्यसन लागायचं प्रमाण, २० नंतर सुरू केलेल्यांपेक्षा जवळजवळ चौपट. हा आकडा सगळीकडे फिरतो, शाळेतल्या भाषणात पण ऐकला असशील. पण त्यातनं हे कळत नाही की लवकर प्यायल्यानं मेंदू बिघडला, की ज्यांचा स्वभाव, घर, मेंदू आधीपासनंच तसा होता तीच पोरं लवकर प्यायली. आणि ही शंका फुकटची नाहीये. अमेरिकेत जवळजवळ १२,००० मुलांचा ९-१० वर्षांपासनं पाठपुरावा करणारा अभ्यास चालू आहे, एबीसीडी नावाचा, त्यातनं २०२४ च्या शेवटी आलं की पुढं लवकर नशा करून बघणाऱ्या मुलांच्या मेंदूच्या रचनेत काही फरक नशा करायच्या आधीच्या स्कॅनमध्येच होते. मग आधी काय आणि नंतर काय, हे माणसांत सोडवायचं तर १४-१५ वर्षांच्या शंभर पोरांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटायचं, एका गटाला दर आठवड्याला दारू पाजायची आणि दहा वर्षांनी मेंदू तपासायचा. असलं कुणी करणार नाही, करूही नये.

उंदरात हे करता येतं आणि उंदराचा खरा उपयोग एवढाच आहे. एकाच जातीचे, एकाच खोलीत वाढलेले, एकच खाणं, घर चांगलं-वाईट असा प्रश्न नाही, दोस्तांची संगत नाही, आणि कुणाला दारू मिळणार ते चिठ्ठीवर. उंदराचं वयात येणं जन्मल्यावर साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात उरकतं, तेव्हा त्याचीही मेंदूतली जोडणी नव्यानं होत असते, नको ते धागे तुटतात, पाहिजे ते पक्के होतात, कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो, माणसात हेच काम पंचविशीपर्यंत चालतं. तर नॉर्थ कॅरोलिनातले फुल्टन क्रूज आणि २०१० पासनं एकत्र काम करणारा अनेक लॅबचा एक गट, यांनी साधारण २५ व्या दिवसापासनं ५५ व्या दिवसापर्यंत उंदरांना दोन दिवस दारू, दोन दिवस सुट्टी अशी दिली. रोज नाही, थांबून थांबून, एका वेळी भरपूर. शनिवारचं डोळ्यासमोर आण. मग दारू एकदम बंद. उंदीर मोठे झाले, आठवडेच्या आठवडे दारूचा थेंब नाही, आणि मग तपासलं.

काय सापडलं ते जरा सावकाश वाच. हे उंदीर मठ्ठ झाले नव्हते. ओटा कुठं आहे, वाट कुठली आहे, हे ते इतरांसारखंच शिकले. पण जागा बदलली की घोळ व्हायचा, जुन्याच जागी परत परत जायचे, नवीन मनावर घ्यायला वेळ लागायचा. मेंदूच्या तळाशी असिटिलकोलीन, म्हणजे पेशींमधला निरोप पोचवणारं एक रसायन, बनवणाऱ्या पेशी असतात, लक्ष आणि शिकणं ज्यांच्यावर चालतं, त्या कमी भरल्या, हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी तयार व्हायचं प्रमाण कमी भरलं, मेंदूत सूज आणणाऱ्या गोष्टी वाढलेल्या दिसल्या. आणि मुख्य म्हणजे तेवढीच दारू मोठेपणी दिलेल्या उंदरांमध्ये त्या असिटिलकोलीनच्या पेशींची अशी टिकून राहणारी घट दिसली नाही. वयाचा फरक खरा आहे हे इथं कळतं, आणि माणसांच्या नुसत्या सर्वेक्षणातनं हे कधीच एवढं स्वच्छ कळलं नसतं. तुमच्याकडं भातशेती आहे म्हणून सांगते, लावणीनंतर रोपानं मूळ धरायच्या आत ते पाण्यात बुडून राहिलं तर कुजतं, तेच पाणी उभ्या पिकाला त्रास देत नाही. पाणी वाईट आहे की चांगलं हा प्रश्नच नसतो, कधी आलं हा असतो.

शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात सुभाष पांडे म्हणून आहेत, त्यांच्या गटानं भीती आणि बेचैनी सांभाळणाऱ्या भागावर, अमिग्डालावर काम केलं. वयात येताना दारू मिळालेले उंदीर मोठेपणी जास्त घाबरट निघाले आणि स्वतःहून जास्त दारू पिऊ लागले, आणि त्याच्या मागं आर्क नावाच्या एका जीनवर बसलेली कुलपं होती, जीन तोच, फक्त वाचला जात नव्हता. २०२२ मध्ये त्यांनी क्रिस्पर नावाच्या, नेमक्या एका जीनवर काम करणाऱ्या तंत्रानं ते कुलूप त्या भागात उघडून बघितलं तर बेचैनी पण कमी झाली आणि पिणं पण. माणसाला द्यायचं औषध अजून लांब आहे, त्याच्यामागं लागू नको, पण कारण आणि परिणाम यांची साखळी हातात आली ना, ती बघ.

आता उंदरावरनं काय कळत नाही तेही त्याला सांगायला पाहिजे, नाहीतर तो कुठंतरी वाचेल आणि तुझं बाकीचं पण खोटं ठरवेल. या प्रयोगातले डोस मोठे असतात. बरेचदा नळीनं थेट पोटात देतात, रक्तातलं प्रमाण १०० मिलिलिटरला १५०-२०० मिलिग्रॅमच्या आसपास जातं, आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ३० आहे म्हणजे अंदाज येईल. उंदराचं शरीर दारू आपल्यापेक्षा लवकर जाळतं म्हणून त्याचा किलोमागचा ग्रॅमचा हिशोब सरळ माणसाला लावता येत नाही, तीन पेग म्हणजे एवढं नुकसान असं कोष्टक कुणी दाखवलं तर विश्वास ठेवू नको. नळी घालण्याचा ताण वेगळा. उंदराला ओकता येत नाही. त्याला बोर्डाची परीक्षा नाही, घरची भांडणं नाहीत, दोस्तांसमोर इज्जत नाही. मामाच्या लग्नात एक ग्लास बियर प्यायलेल्या पोराचा मेंदू गेला असं या प्रयोगातनं निघत नाही आणि तसं कुणी म्हणत असेल तर ते घाबरवणं आहे. पण भावाचं चाललंय ते एक ग्लास नाहीये, दर आठवड्याला, एका बैठकीत भरपूर, हाच तर त्या प्रयोगाचा नमुना आहे.

आणि उंदरावरच गाडी थांबलेली नाही. २०१० मध्ये कमी वयाच्या रीसस माकडांवरचं काम छापून आलं, त्यांनी ११ महिने स्वतःहून दारू प्यायली होती, नंतर बंद केली, आणि काही आठवड्यांनी बघितलं तरी हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी बनणं कमीच होतं. माणसांत बघायचं तर अमेरिकेतल्याच १२ ते २१ वयाच्या ८०० हून जास्त मुलांचे वर्षानुवर्षं एमआरआय काढतायत, त्यात २०१८ मध्ये दिसलं की ज्यांनी मधल्या काळात जास्त प्यायला सुरुवात केली त्यांचं कपाळामागचं करडं द्रव्य, म्हणजे मेंदूतला पेशींचा भाग, इतरांपेक्षा वेगानं कमी होत गेलं. उंदीर, माकड, माणूस, तीन ठिकाणनं बोट एकाच दिशेला जातंय. म्हणून भावाला माझं उत्तर असं की बाबा, तू उंदीर नाहीस, पण तुझ्यावर जो प्रयोग करायची कुठल्याच शास्त्रज्ञाला परवानगी नाही तो तू दर शनिवारी स्वतःवर करतोयस आणि तिथं तर मोजायलासुद्धा कोणी नाही.

याच्यातलीच चांगली बातमी पण त्याला नक्की सांग, नुसती भीती घातली की पोरं अजून पितात. क्रूज आणि रायन वेट्रेनो यांनी काही उंदरांच्या पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं, पाहिजे तेव्हा पळू दे म्हणून. दारू चालू असताना ज्यांना चाक होतं त्यांच्या त्या असिटिलकोलीनवाल्या पेशींचं नुकसान टळलं, आणि नंतरच्या कामात, दारू होऊन गेल्यावर, मोठेपणी चाक दिलं तरी त्या पेशी पुन्हा दिसायला लागल्या. म्हणजे त्या मेल्या नव्हत्या, गप्प झाल्या होत्या असं ते लोक आता म्हणतात. पळाल्यावर पिलं तरी चालतं असा अर्थ त्यानं काढू नये, पण आत्ता थांबलास तर उशीर झालेला नाही एवढं म्हणायला हा आधार मला पुरेसा वाटतो. कबड्डी, व्हॉलीबॉल, तालीम, गावात जे असेल ते त्याच्या हातातनं सुटू देऊ नका. सेकंड पीयूसी म्हणून खेळ बंद करायचा आणि शनिवारची बैठक मात्र चालू ठेवायची, असं खूप घरांत होतं, आणि ते उलटं पाहिजे.

आईचा प्रश्न. तिला हसण्यावारी नेऊ नको, ती बरोबर ठिकाणी बोट ठेवतेय. उंदराला त्रास होतो, शेवटी मेंदू तपासायचा म्हणजे त्याचा जीव जातो, हे गोड शब्दात झाकू नको. तिला एवढं सांग की हे कुणालाही मनाला येईल तसं करता येत नाही, आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली केंद्राची समिती आहे, प्रत्येक संस्थेत प्राण्यांसाठीची नैतिकता समिती असते आणि तिच्याकडनं मंजुरी घेतल्याशिवाय एका उंदराला हात लावता येत नाही. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये सांगितलेलं आजही विचारलं जातं, प्राण्याशिवाय भागेल काय, कमीत कमी किती प्राण्यांत भागेल, आणि त्रास कमी कसा होईल. तुमचं बी फार्मचं प्रॅक्टिकल आता कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरवर होतं ते याच विचारातनं, ते तिला माहीत नसेल. माझं स्वतःचं मत विचारशील तर जे आधीच पक्कं ठरलंय तेच परत दाखवायला उंदीर मारणं मला पटत नाही, पण वरचा आधी काय, नंतर काय हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या मार्गानं सुटला नसता आणि त्यावर आपल्या पोरांचं आयुष्य अवलंबून आहे, म्हणून हे काम मी मानते. आईला पटेलच असं नाही, न पटू दे. पण भावाचं तिच्यापासनं लपवू नको. माळकरी घरात अशी गोष्ट बाहेरनं कळली तर ती जास्त तुटेल. आणि तिच्या शब्दाला तुमच्या मामाकडे जे वजन आहे ते तुझ्या फार्माकॉलॉजीला नाही, ती त्याची बहीण आहे.

मामाशी खरं बोलणं तिनंच करावं. भांडण नको, एवढंच, की दादा, याला २१ पूर्ण होईपर्यंत तुझ्या हातानं देऊ नको, यात्रेला पण नाही आणि हळदीला पण नाही. २१ हा कर्नाटकातला नियम आहे. शिनोळीच्या पलीकडं महाराष्ट्रात बियरला २१ आणि हार्डला २५, चोर्ला उतरून गोव्यात गेलं की १८. तीन राज्यांचे तीन नियम आपल्या एका तालुक्याच्या भोवती आहेत म्हणून पोरांना वाटतं जिथं सोपं तिथनं आणू, पण तुझा भाऊ १७ चा आहे, तो गोव्यातसुद्धा बसत नाही, म्हणजे आणून देणारा कुणीतरी मोठा आहे. तो कोण ते शोधा. बाबांना म्हणावं, आपोआप सुटेल ही आशा धरायला हरकत नाही पण वर सांगितलेलं शुकिट यांचं काम याच्या नेमकं उलटं बोलतंय.

भावाशी तू बोल, सोमवारी-मंगळवारी, शनिवारी रात्री नको. आकड्यांचा मारा करू नको, त्याला त्या उताण्या उंदराचं सांग, तो सायन्सचा आहे, त्याला प्रयोग कळेल. आणि गाडीचं मात्र समजावत बसायचं नाही, तिथं सरळ अट घालायची. ज्याला चढलेलं जाणवतच नाही तो ३० च्या कितीतरी पुढं असताना गाडी काढणार, मागं एक ओकणारा मित्र बसवून, रात्रीच्या रस्त्यावर. शनिवारी चावी घरात राहील, कुणाला आणायचं असेल तर बाबा जातील, रात्री एक वाजता फोन आला तरी शिव्या न देता जातील, हे बाबांकडनं कबूल करून घे, कारण आजपर्यंत त्यांनी सोडून दिलंय तर एवढं तरी त्यांनी करायला पाहिजे.

आडव्या होणाऱ्या मित्रांचं तू सहज लिहिलंस पण त्यात एखाद्याचा जीव जाऊ शकतो. भावाला शिकवून ठेव, असा पडलेला पोरगा उताणा ठेवायचा नाही, कुशीवर वळवायचा, एकटा सोडायचा नाही, लिंबू-पाणी, कॉफी काही घशात ओतायचं नाही, आणि हाका मारून, हलवून जागा होत नसेल, श्वास थांबून थांबून चालत असेल, अंग गार किंवा निळसर वाटत असेल तर घरच्यांना कळेल म्हणून वाट बघायची नाही, १०८ ला फोन. पोलिसांच्या भीतीनं पोरं हे करत नाहीत, त्याला तू आधीच सांगून ठेव की त्या वेळी आपण काही विचारणार नाही.

एवढं करूनही महिनाभरात शनिवार सुटला नाही, किंवा तो शनिवारची वाट बघत चिडचिडा व्हायला लागला, किंवा एकटाच प्यायला लागला, तर मानसोपचार तज्ञाकडे न्या, बेळगावात सिव्हिलमध्ये पण तो विभाग आहे. जायला लाजत असेल तर आधी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावू दे, १४४१६, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, भाषा निवडता येते. पहिला फोन तूच लाव, त्याच्याबद्दल म्हणून विचार, घरच्यांनी केलेला फोन पण ते घेतात.